लक्ष विचलित होणं म्हणजे नेमकं काय? दोष आवाजाचा, फोनचा की आतला?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न आहे, नीट मांडता येतो का बघते.

मी भाषांतराचं काम करते. परवा सकाळी एक लांबलचक अहवाल तपासायला घेतला. दार बंद, घरात दुसरं कोणी नाही, फोन बंद करून आतल्या खोलीत. तरी तासाभराने लक्षात आलं की सातव्या पानावर मी तिसऱ्यांदा आलेय, डोळे ओळींवरून फिरतायत पण डोक्यात काही शिरतच नाहीये. मधल्या वेळात मनात काय काय येऊन गेलं, एक जुनं भांडण, कपाट आवरायचं राहिलंय, मैत्रिणीला फोन करायचाय. त्याच दिवशी दुपारी शेजारी ड्रिल मशीन सुरू झालं, भिंत हादरत होती, आणि मी त्याच अहवालातले आकड्यांचे तक्ते मूळ प्रतीशी ताडून बघत होते. दोन तास कसे गेले कळलं नाही. ड्रिल थांबलं तेव्हा कळलं की ते इतका वेळ चालू होतं!

मग सकाळी मला विचलित केलं कोणी? काही वाजलं नाही, कोणी हाक मारली नाही. आपण 'डिस्ट्रॅक्शन' म्हणतो ते बाहेरच्या गोष्टीला की आपल्या आत जे घडतं त्याला? तुमचे अनुभव सांगा. फोन लांब ठेवा हा सल्ला मात्र नको, तो लांबच होता.

टोकदार
फोन लांब होता म्हणता पण त्याची आठवण लांब होती का? २०१७ मध्ये एक प्रयोग झाला होता, फोन टेबलावर पालथा, खिशात किंवा बॅगेत, आणि दुसऱ्या खोलीत असे गट केले. फोन वाजत नव्हता, कोणी बघतही नव्हतं, तरी टेबलावरवाल्यांचे स्मरणशक्तीच्या चाचणीत सगळ्यात कमी गुण. नुसतं असणंच पुरतं. माझं मत स्पष्ट आहे, आजच्या काळात ९० टक्के दोष फोनचा.

कंदील
@टोकदार, तो प्रयोग नंतर इतरांनी पुन्हा करून पाहिला तेव्हा सगळ्यांनाच तो परिणाम मिळाला नाही हेही सांगायला हवं. नोटिफिकेशनचं मात्र मला पटतं. २०१५ च्या एका अभ्यासात लोकांनी फोनला हातही लावला नाही, फक्त मेसेज आल्याची धून किंवा थरथर जाणवली, तेवढ्याने हातातल्या कामातल्या चुका वाढल्या. म्हणजे मेसेज वाचल्याने जातं तेवढं नुकसान 'कुणाचा असेल?' या विचारानेही होतं.

आणि ते ९० टक्के कुठून आणले?

टोकदार
अंदाज आहे हो. माझ्यापुरता.

शून्यमात्रा
शब्दापासून सुरुवात करू का? मला तिथेच उत्तराचा अर्धा भाग दिसतो.

इंग्रजी शब्द लॅटिनमधून आलाय, मूळ अर्थ 'वेगवेगळ्या दिशांना ओढणं'. आपल्याकडे दोन शब्द आहेत आणि आपण ते सर्रास एकाच अर्थाने वापरतो. व्यवधान म्हणजे मध्ये आलेली गोष्ट, आडपडदा. विक्षेप म्हणजे इकडेतिकडे फेकलं जाणं, 'क्षिप्' म्हणजे फेकणं. पहिला शब्द मध्ये आलेल्या वस्तूबद्दल आहे, दुसरा चित्ताचं काय झालं त्याबद्दल. ड्रिल हे व्यवधान होतं पण तुमचा विक्षेप झाला नाही. सकाळी व्यवधान काहीच नव्हतं आणि विक्षेप पुरेपूर.

योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताच्या विक्षेपांची यादी आहे, नऊ आहेत: व्याधी, स्त्यान (मनाचं जडपण), संशय, प्रमाद (बेसावधपणा), आळस, अविरती (विषयांची ओढ न सुटणं), भ्रांतिदर्शन (भलतंच खरं वाटणं), अलब्धभूमिकत्व, अनवस्थितत्व. शेवटचे दोन म्हणजे अवस्था गाठताच न येणं आणि गाठली तरी तिथे टिकता न येणं. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा आश्चर्य वाटलं, कारण त्यात एकही बाहेरची गोष्ट नाही. गोंगाट नाही, माणसं नाहीत. सगळं शरीरातलं नाहीतर मनातलं.

मोरपीस
शून्यमात्रा, सुंदर प्रतिसाद. स्त्यान हा शब्द आजच कळला, आणि गेले दोन आठवडे मला काय झालंय तेही कळलं 🙂

रातपाळी
मी परिचारिका आहे, सतरा वर्षं. आतलं बाहेरचं हा विचार छान आहे पण आमच्या कामात बाहेरचं व्यवधान ही खरीखुरी भीती असते हे कृपा करून लक्षात घ्या.

औषध देताना पायऱ्या ठरलेल्या असतात. पेशंटचं नाव, औषध, मात्रा, वेळ, कोणत्या मार्गाने द्यायचं. आणि त्या मध्येच कोणीतरी विचारतं, सिस्टर अमुक फाइल कुठेय, सिस्टर डॉक्टर कधी येणार. दहा सेकंदांचं उत्तर असतं. पण परत वळल्यावर हात पुढच्याच पायरीला लागतो, आणि मधली पायरी झाली की करायची राहिली ते आठवत नाही. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन रुग्णालयांत परिचारिकांचं निरीक्षण करून अभ्यास झाला होता, त्यात प्रत्येक व्यत्ययामागे प्रक्रियेतल्या चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. मला तो वाचून रडू आलं होतं. कारण तोवर चूक झाली की 'तुझं लक्ष कुठे होतं' एवढंच विचारायचे, 'तुला मध्ये कोणी हाक मारली' हे विचारत नसत.

माझ्या हातून एकदा मात्रा दुप्पट भरली गेली होती. द्यायच्या आधी सहकारी मैत्रिणीने पाहिलं. त्या रात्रीनंतर मी औषध भरताना कोणी बोललं तर मान वर करत नाही, हाताने 'थांबा' करते. लोकांना उद्धट वाटते, वाटू दे.

कंदील
रातपाळी ताई, तुमचा हात पुढच्या पायरीला का लागतो त्यावर अगदी नेमका प्रयोग आहे. २०१४ सालचा. लोकांना क्रमाने करायच्या पायऱ्यांचं एक काम दिलं आणि मध्येच दोन अक्षरं टाइप करायला लावली, सरासरी २.८ सेकंदांचा अडथळा. क्रमाच्या चुका दुप्पट झाल्या. ४.४ सेकंदांच्या अडथळ्याने तिप्पट! पायऱ्या लोकांना येतच होत्या, 'मी आत्ता कुठे होतो' ही जागा हरवत होती.

म्हणजे वेळ किती गेला हे मोजणंच चुकीचं. तीन सेकंदांत वेळ काय जातो? जागा जाते.

पानगळ
माझं मांजर रोज अकरा वाजता येऊन बरोबर कीबोर्डवर झोपतं. व्यवधान की विक्षेप?

मोरपीस
मालक.

निवांत
जरा वेगळं बोलतो. या सगळ्या चर्चेत विचलित होणं हा रोग असल्यासारखं बोललं जातंय ते मला पटत नाही. मुलगी तान्ही होती तेव्हा आम्ही दोघं ढगांच्या गडगडाटात झोपायचो आणि ती नुसती कुशीवर वळली तरी बायको जागी व्हायची. लक्ष असंच बनलेलं आहे, एक भाग कामात आणि एक भाग पहारा देत असतो. अचानक आवाज झाला की मान वळते, रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हने कुत्र्यांमध्येही ते टिपून ठेवलं होतं. मान न वळणारा प्राणी फार दिवस जगला नसता.

१९५३ मध्ये कॉलिन चेरी या संशोधकाने दोन कानांत दोन वेगळी बोलणी ऐकवली आणि एकच मोठ्याने म्हणत जायला सांगितलं. दुसऱ्या कानात काय चाललंय ते लोकांना जवळजवळ काहीच सांगता येईना, भाषा बदलली तरी कळत नव्हतं. पण १९५९ मध्ये नेव्हिल मोरे या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या कानात त्या माणसाचं स्वतःचं नाव घातलं तर सुमारे एकतृतीयांश लोकांनी ते पकडलं. पहारेकरी जागा असतो. त्याला ठार मारून कामाला बसायचं का?

टोकदार
ठार कोणी म्हणत नाहीये. पण दर चार मिनिटांनी खोटी हाक मारून त्या पहारेकऱ्याला उठवणारं यंत्र आपण खिशात ठेवलंय, तुमच्याच उदाहरणाने माझा मुद्दा सिद्ध होतो.

निवांत
हे मान्य. चांगलं बोललात.

दूरचा_पल्ला
मी लांबच्या पल्ल्याची गाडी चालवतो, २२ वर्षं झाली. हात मोकळे ठेवून फोनवर बोललं तर चालतं असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. मग एकदा असं झालं की घरी बोलत बोलत मी जो वळणरस्ता पार केला तो मला आठवतच नाही. डोळे रस्त्यावर, हात स्टिअरिंगवर, आणि मी तिथे नव्हतोच. गाडी बाजूला लावून बसलो थोडा वेळ. त्यानंतर चालू गाडीत फोन घेत नाही, घरच्यांनाही सांगून ठेवलंय.

कंदील
दूरचा_पल्ला, तुम्ही जे अनुभवलंत तेच २००१ मध्ये अमेरिकेत स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी प्रयोगशाळेत मोजलं. फोनवर बोलणाऱ्यांचे सिग्नल दुपटीने हुकले, फोन हातात असो वा हात मोकळे, फरक नाही. रेडिओ ऐकणाऱ्यांचं तसं झालं नाही. म्हणजे गुंततं ते संभाषणात. शेजारच्या सीटवरचा माणूस रस्ता अवघड झाला की आपोआप गप्प होतो, फोनवरच्याला रस्ता दिसत नाही.

सहावी_अ
लक्ष 'जास्त' लागल्याने झालेल्या घोळाचं काय? १९९९ चा तो प्रयोग बहुतेकांना माहीत असेल, बास्केटबॉलचे पास मोजायला सांगतात आणि मधून गोरिलाच्या वेशातलं माणूस छाती बडवून जातं, जवळजवळ निम्म्या लोकांना दिसतच नाही. मी वर्गात मुलांना दाखवते, दरवर्षी तोच गोंधळ, 'बाई तुम्ही व्हिडिओ बदलला!'

पण मला त्याहून भयंकर वाटते ती २९ डिसेंबर १९७२ ची गोष्ट. ईस्टर्न एअरलाइन्सचं फ्लाइट ४०१, मायामीला उतरताना पुढचं चाक खाली आल्याचा दिवा लागला नाही. कॉकपिटमधले सगळे त्या दिव्याच्या मागे लागले, आणि मध्ये कधीतरी विमानाची उंची राखणारी यंत्रणा सुटली ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही. विमान हळूहळू खाली जात दलदलीत कोसळलं, शंभराहून जास्त माणसं गेली. चाक खाली आलेलंच होतं, दिव्याचा बल्ब गेला होता. पुढे १९८१ मध्ये अमेरिकेत नियम झाला की १०,००० फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये उड्डाणाशी संबंध नसलेलं काही बोलायचं नाही.

मला वाटतं नियम चांगला आहे पण त्या वैमानिकांना त्याने वाचवलं असतं का? ते गप्पा मारतच नव्हते, काम करत होते! विचलित होणं हे कामासारखंच दिसू शकतं.

रातपाळी
+१. शेवटचं वाक्य मी लिहून ठेवतेय.

नाममात्र
विषयांतर होतंय का थोडं? धागाकर्तीचा प्रश्न शांत खोलीतल्या सकाळचा होता. विमान आणि गाड्यांवरून परत सातव्या पानावर येऊ या.

कंदील
येतोच. सकाळ-दुपारच्या फरकाला बऱ्यापैकी उत्तर आहे. निली लावी नावाच्या संशोधिकेने १९९५ पासून मांडलेला विचार असा की समोरच्या कामाने नजरेची क्षमता पूर्ण व्यापली तर फालतू गोष्टींना आत यायला जागाच उरत नाही. काम विरळ असेल तर उरलेली क्षमता आपोआप बाहेर सांडते. आकडे ताडून बघणं हे नजर भरून टाकणारं काम, दुपारी ड्रिलला जागाच नव्हती. तिचे प्रयोग जास्त करून डोळ्यांचे आहेत, आवाजाला तसेच्या तसे लागू करताना जपून. पण एकसुरी आवाजाची सवय होते, बदलता आवाज, त्यातही माणसाचं बोलणं, जास्त मोडतं, न कळणाऱ्या भाषेतलं असलं तरी. ड्रिलऐवजी शेजारी दोन माणसं भांडत असती तर दुपार वेगळी गेली असती.

मात्र नजरेवर नाही तर डोक्यात धरून ठेवण्यावर ताण असेल तर उलटं होतं, माणूस जास्त विचलित होतो. सकाळी तुम्ही वाक्य वाचताना डोक्यात काय धरून ठेवलं होतं ते आठवतंय का?

अर्धविराम
@कंदील, अवघड प्रश्न विचारलात. आठवत नाही. पण आता मला तेच शोधायचंय. चार-पाच दिवस द्या, वही ठेवते. लक्ष गेलं असं कळलं की वेळ आणि त्या क्षणी नेमकं काय करत होते ते लिहीन.

पानगळ
'लक्ष गेलं असं कळलं की' हीच मेख आहे ना पण! कळतं तेव्हा ते आधीच परत आलेलं असतं.

शून्यमात्रा
पानगळ, मांजरावरून थेट इथे! खरंय. वाचनावरच्या प्रयोगांत मधूनच विचारतात की आत्ता मन मजकुरात होतं का, आणि कित्येकदा नसतं, आणि वाचणाऱ्याला विचारेपर्यंत त्याचा पत्ता नसतो. २०१० मध्ये किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २,२५० माणसांना दिवसात केव्हाही फोनवर गाठून विचारलं, ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं.

चौथी_खिडकी
बराच वेळ नुसती वाचत होते, आता लिहिते. मला एडीएचडी (लक्षाच्या नियमनाचा विकार, इंग्रजी नावातच 'लक्ष कमी' आहे) आहे, निदान वयाच्या ३४ व्या वर्षी झालं. त्याआधीची सगळी वर्षं 'हुशार आहे पण लक्ष देत नाही' ऐकत गेली, शाळेत, घरी, नोकरीत. मी लक्ष 'देत' नव्हते असं नाही हो. एखाद्या गोष्टीत शिरले की पाच तास उठायचे नाही, भूक लागलेली कळायची नाही. मला जमत नाही ते लक्ष हवं तिथे वळवणं आणि हवं तेव्हा सोडवणं. म्हणून 'लक्ष कमी' या वर्णनाचा मला राग येतो.

इथे कोणी वाईट बोललेलं नाही, उलट फार बरं वाटलं वाचून. फक्त एवढंच सांगायचंय की हे सगळ्यांचं एकाच प्रमाणात नसतं. ज्याचं महिन्यातून चारदा होतं आणि ज्याचं रोज प्रत्येक कामात होतं त्या दोघांना एकच सल्ला देऊ नका. दुसऱ्याने डॉक्टरांकडे जावं, मी गेले ते बरं झालं.

रातपाळी
चौथी_खिडकी, लिहिलंत ते फार बरं केलंत.

सहावी_अ
तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वर्गातली दोन मुलं डोळ्यांसमोर आली. उद्यापासून त्या वाक्यातलं 'पण' काढून टाकणार.

गोल्डफिश_नाही
माणसाचं लक्ष आता ८ सेकंदच टिकतं, गोल्डफिशचं ९, असं वाचलं होतं. त्याबद्दल कोणीच कसं बोललं नाही?

कंदील
कारण त्याला आधार नाही. ना माणसाच्या ८ सेकंदांना, ना माशाच्या ९ ना. तुमच्या नावातच उत्तर आहे की. मोजलेलं खरं वेगळं आहे, ग्लोरिया मार्क या संशोधिकेने ऑफिसात लोक एका स्क्रीनवर किती वेळ राहतात ते मोजलं, २००४ च्या सुमारास अडीच मिनिटं होतं, अलीकडे साधारण ४७ सेकंद. पण ते लोक किती वेळ टिकले हे आहे, किती टिकू शकतात हे नाही.

टोकदार
४७ सेकंद. मी काही म्हणत नाही.

निवांत
विचलित होण्याचा एक फायदा राहिलाच. मुलीला इंजेक्शन द्यायचं होतं तेव्हा सिस्टरांनी तिला साबणाचे फुगे फुंकायला दिले आणि तेवढ्यात सुई टोचून झाली, ती रडलीच नाही. भाजलेल्या रुग्णांची मलमपट्टी करताना त्यांना बर्फाळ दरीतून फिरवणारा आभासी खेळ दाखवतात, सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बनवलेला, आणि दुखणं खरोखर कमी जाणवतं. वेदनेलाही लक्ष लागतं. ते दुसरीकडे ओढता आलं तर ओढावं.

अर्धविराम
आले परत. पाच दिवस वही ठेवली, ३१ नोंदी झाल्या. एका माणसाच्या पाच दिवसांचं आहे हे, त्यापलीकडे त्याला किंमत देऊ नका, पण जे दिसलं ते सांगते.

बाहेरून आलेल्या फक्त सहा. दाराची बेल, फोन, एकदा काच फुटल्याचा आवाज. त्या सहाही वेळा मी लगेच परत आले, कारण कुठे होते ते माहीत होतं. उरलेल्या पंचवीस आतल्या. त्यातल्या बऱ्याच दुपारच्या पेंगेच्या, त्याला शून्यमात्रा स्त्यान म्हणतील. काही आधीच्या अर्धवट कामाच्या, एका पत्राचं उत्तर द्यायचं राहिलं होतं ते सारखं मध्ये येत होतं. ते कधी लिहायचं एवढं ठरवून कागदावर मांडलं तर परत आलं नाही, लिहिलं नव्हतं तरीही. पण चौदा नोंदी अशा आहेत की त्यांच्यापुढे मी जवळजवळ तेच लिहिलंय: 'इथे कोणता शब्द घ्यावा कळेना', 'वाक्याचा कर्ता कोण ते स्पष्ट नाही', 'हे बरोबर आहे का खात्री नाही'. काम अडतं त्या क्षणी मन उठून जातं. आणि जाताना ते काम अडलंय असं सांगत नाही, कपाट आवरायचंय असं सांगतं.

टोकदार, तुमच्यासाठी: त्या चौदापैकी पाच वेळा मी फोन आणायला उठले होते. फोनने बोलावलं नव्हतं. मी गेले.

टोकदार
हे मला लागलं. माझीही वही सुरू करतो. तरी फोन तिथे नसताच तर कुठे गेला असतात, हा प्रश्न राहतोच.

अर्धविराम
खिडकीत. दोनदा गेले तशी, दोन-तीन मिनिटांत परत आले. फोनकडे गेले की अर्धा तास. म्हणजे तुमचंही चूक नाही, बोलावत नसला तरी तो परत लवकर सोडत नाही.

शून्यमात्रा
'खात्री नाही' म्हणजे संशय. यादीतला तिसरा.

अर्धविराम
हो! तुमचा प्रतिसाद वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलाय, नोंदी लावताना तोच समोर होता.

रातपाळी
मला एक सांगा, सातव्या पानाचं काय झालं?

अर्धविराम
काल त्याच वाक्याशी बसले. या वेळी वाचायचं नाही असं ठरवलं, फक्त मला तिथे काय खटकतंय ते एका ओळीत लिहायचं. वीस मिनिटं लागली. त्या वाक्यात एक संज्ञा आहे, तिला मी दुसऱ्या पानावर एक प्रतिशब्द दिला होता आणि सातव्यावर दुसरा, आणि दुसरा जास्त बरोबर होता. म्हणजे आधीची पाच पानं चुकीच्या शब्दावर उभी होती. ते मला सकाळी कुठेतरी जाणवलं असणार, तीनदा तिथेच अडखळले होते ना.

शब्द दुसऱ्या पानापासून बदलला, सतरा ठिकाणी. अहवाल आज सकाळी पाठवला.